म्हातारपणी ‘आत्ता’त राहायचं कसं? आधी उधारी मिटवा, मग श्वास मोजा

साठी उलटलेल्या माणसाला ‘वर्तमानात जगा’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ऐकणारा मान डोलावतो. पाच मिनिटांनी डोक्यात पुन्हा तेच चालू होतं: वाटणीच्या वेळी भाऊ काय बोलला होता, लॉकरची दुसरी किल्ली कुठे आहे, आपण पडलो तर उचलणार कोण. यात त्या माणसाचा काही दोष नाही. जिथे काम अर्धवट राहिलं आहे तिथेच मन फेऱ्या मारतं, आणि साठ-सत्तर वर्षांत अर्धवट कामं साठतातच. त्या उधारीला हात न लावता डोळे मिटून बसलं, तर पाच मिनिटांच्या शांततेत नेमकी तीच उधारी मोठ्याने वाचून दाखवली जाते. मग माणूस म्हणतो, ‘ध्यान आपल्याला जमत नाही.’

म्हणून या मार्गदर्शकाची सुरुवात वहीपासून आणि कपाटापासून आहे. श्वासाची पाळी चौथ्या आठवड्यात येते. सगळं नीट बसायला दोन महिने धरा.

पहिला आठवडा: मन कुठे जातं त्याची नोंद

शंभर पानी साधी वही घ्या. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ‘मागचं’, उजवीकडे ‘पुढचं’. दिवसातून तीनदा, म्हणजे सकाळच्या चहानंतर, दुपारी आडवं होण्याआधी आणि रात्री झोपताना, त्या क्षणी डोक्यात काय चाललं होतं ते एका ओळीत लिहा. एका ओळीत म्हणजे एकाच ओळीत. ‘पेन्शनचा दाखला.’ ‘धाकट्याशी बोलणं बंद.’ ‘गुडघा.’ बस्स.

इथे दोन चुका हमखास होतात. काहीजण वहीला रोजनिशी समजून पानं भरतात; त्याने जुनी जखम आणखी उकरली जाते. काहीजण कोणी वाचेल या धास्तीने सुविचार लिहितात. वही कुलपात ठेवा, पण खरं लिहा.

सात दिवसांनी वाचून पाहिलं की लक्षात येतं, विचार शेकडो नसतात. चार-सहाच असतात आणि आलटून पालटून येतात. प्रत्येकापुढे एक खूण करा. करता येण्याजोगं काम असेल तर ‘क’, एखाद्या माणसाशी बोलावं लागणार असेल तर ‘मा’, आता काहीच होण्यासारखं नसेल तर ‘सो’, म्हणजे सोड. ‘सो’ला सध्या हात लावू नका. सुरुवात ‘क’पासून.

दुसरा आणि तिसरा आठवडा: कागद

घरोघरी एक कप्पा असतो. त्यात विम्याची पॉलिसी, १९८७ सालची फ्रिजची पावती, बंद झालेल्या खात्याचं पासबुक आणि कशाच्या आहेत ते कोणालाच ठाऊक नसलेल्या नऊ चाव्या एकत्र नांदत असतात. आधी चाव्या घ्या. एकेक लावून पाहा, जी लागेल तिला पुठ्ठ्याची चकती बांधून नाव लिहा, जी कुठेच लागत नाही ती भंगारात. हे काम तासाभराचं आहे, पण त्यानंतर पुढचे कागद काढायला हुरूप येतो.

मग एकच फाइल करा आणि तिच्या पहिल्या पानावर हाताने यादी लिहा: बँक खाती व शाखा, मुदत ठेवी आणि त्यांच्या मुदती, विमा, घराचे दस्त, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक, आधार-पॅनच्या प्रती कुठे आहेत. पासवर्ड आणि पिन या पानावर लिहू नका. ते वेगळ्या बंद पाकिटात ठेवा आणि पाकीट कुठे आहे ते एकाच विश्वासाच्या माणसाला सांगा.

प्रत्येक खात्याला नामनिर्देशन, म्हणजे नॉमिनी, आहे का ते शाखेत जाऊन विचारा. ‘तेव्हा केलं होतं बहुतेक’ यावर राहू नका. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींना चारपर्यंत नॉमिनी देता येतात. आणि एक गैरसमज काढून टाका: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे त्याच्या हातात देते, पण ते शेवटी कोणाचे, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. भावंडांतली निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात. दहा वर्षं हात न लावलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग करतात. पैसे बुडत नाहीत, अर्ज करून परत मिळतात. शोधायला रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ पोर्टल आहे.

मृत्युपत्राला लोक उगाच घाबरतात. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही (केलेली बरी, वाद कमी होतात). दोन साक्षीदार हवेत. तुम्ही सही करताना त्यांनी पाहावं आणि तुमच्यासमोर त्यांनी सही करावी. साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान आणि ज्यांना काही मिळायचं नाही असे निवडा. प्रत्येक पानावर सही, तारीख ठळक. वय जास्त असेल तर त्याच दिवसाचा, मानसिकदृष्ट्या सक्षम असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडा. पुढे मन बदललं तर नवं करता येतं. शेवटचं असेल ते खरं.

राहतं घर हयातीतच मुलांच्या नावावर करून ‘मोकळं’ होण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो आवरा. करायचंच ठरलं तर बक्षीसपत्रात ‘आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, अट मोडली तर असं हस्तांतरण न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येतं. अट लिहिलेलीच नसेल तर ती सिद्ध करता करता दमछाक होते.

शेवटचा कागद म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र. बरं होण्याची आशा नसताना यंत्रांवर ठेवू नये, अशी इच्छा असेल तर ती लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, एवढं पुरतं. निर्णय घ्यायला कोणाला नेमलं आहे ते नावानिशी लिहा आणि एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे द्या. मुलांना हा विषय ‘अभद्र’ वाटतो. जेवताना काढू नका. कागद समोर ठेवून दहा मिनिटांत संपवा.

पेन्शनवाल्यांची धास्ती असते नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्याची. बोटांचे ठसे झिजल्यामुळे यंत्र नाकारत असेल तर ‘जीवन प्रमाण’ या सरकारी डिजिटल दाखल्याच्या सोयीत आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही काम होतं. ऐंशी पूर्ण झालेल्यांना केंद्राच्या नियमांनुसार १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. सप्टेंबरच्या पानावर वहीत एक ओळ लिहून ठेवा आणि वर्षभर विसरा.

शरीराची किरकोळ दुरुस्ती

शांत बसायचं तर शरीराची कुरकुर आधी थोडी मिटायला हवी. सगळे आजार इथे घेत नाही, जे लक्ष खेचतात तेवढेच.

कान सर्वांत दुर्लक्षित. वयाने ऐकू कमी येतं ते आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज. स, श, फ, थ ही व्यंजनं त्यातच मोडतात. स्वर मात्र ऐकू येत राहतात. म्हणून आवाज पोचतो पण शब्द लागत नाही, आणि ‘सून मुद्दाम पुटपुटते’ अशी खात्री पटते. संशय हा ‘आत्ता’तून बाहेर काढणारा सगळ्यांत मोठा चोर आहे, आणि तो पुष्कळदा कानातून शिरतो. आधी मळ साठला आहे का ते दाखवा, मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करा. कानाचं यंत्र लागलं तर पहिल्याच दिवशी लग्नाच्या हॉलमध्ये घालून जाऊ नका. पहिला आठवडा शांत घरात रोज एक-दोन तास, मग थोडं थोडं वाढवत न्या. सुरुवातीला भांड्यांचा आवाज कानठळ्या बसवतो, आपला स्वतःचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो; मेंदूला त्याची सवय व्हायला काही आठवडे जातात. याच टप्प्यावर महागडी यंत्रं ड्रॉवरमध्ये जाऊन पडतात. त्याआधी ज्यांनी यंत्र बसवलं त्यांच्याकडे जाऊन आवाज जुळवून घ्या.

पडण्याची भीती दुसरी. ओट्याला धरून एका पायावर उभं राहा, प्रत्येक पायावर दहा सेकंद. महिन्याभरात तीस सेकंदांपर्यंत न्या. बिनहाताच्या पक्क्या खुर्चीवरून, हात छातीशी घेऊन, पाच वेळा उठा-बसा. हळूहळू दहा वेळा, दिवसातून दोनदा. खुर्ची भिंतीला टेकलेली हवी. पाय सावरले की भिंतीलगत फरशीच्या सांध्यावर टाचेला अंगठा लावत दहा पावलं चाला. ब्लडप्रेशरची गोळी असेल तर झोपेतून उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मगच उभं राहा. आधी ताडकन उठलात तर रक्तदाब खाली घसरून डोळ्यांपुढे अंधारी येते. न्हाणीघरात पकडायला दांडी बसवा. टॉवेलची दांडी त्या कामाची नाही, ती वजनाने निखळते.

चौथ्या आठवड्यापासून: श्वास

वेळ सकाळची, पोटात फार तर कपभर पाणी. जमिनीवर मांडी घालण्याचा हट्ट नको. अशी खुर्ची घ्या की तळवे पूर्ण टेकतील आणि गुडघे साधारण कमरेच्या उंचीवर येतील. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. पाठ खुर्चीला रेलू नका, कंबरेमागे छोटी उशी चालेल. हात मांड्यांवर. मोबाइलवर पाच मिनिटांचा गजर लावून तो दुसऱ्या खोलीत ठेवा.

श्वास मुद्दाम घ्यायचा नाही, येतो तसा येऊ द्यायचा. नाकपुडीच्या कडेला किंवा वरच्या ओठावर हवा कुठे लागते ते शोधा. आत येताना ती किंचित गार, बाहेर जाताना कोमट असते. ही जागा सापडायलाच दोन-तीन दिवस लागतात. मग फक्त बाहेर जाणारा श्वास मोजा, एकपासून दहापर्यंत, पुन्हा एकपासून. आकडा चुकला की चिडचिड न करता एकवर या. सुरुवातीला चारच्या पुढे जाणं अवघड वाटतं; तसंच असतं. चुकलं हे लक्षात आलं तो क्षण ‘आत्ता’चाच होता, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही आणि ते नेमके तिथेच खट्टू होतात. दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवा, पंधरावर थांबा.

झोप लागते? डोळे अर्धे उघडे ठेवून तीन-चार फुटांवरच्या फरशीवर नजर ठेवा. गरगरतं? म्हणजे नकळत मोठे श्वास घेतले जात आहेत. थांबा, उठून पाणी प्या. दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या जुन्या आजारात श्वासाकडे पाहिल्यानेच धाप लागल्यासारखं होतं. त्यांनी श्वास सोडून तळव्यांना लागणारी फरशी किंवा बाहेरचे आवाज धरावेत. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर श्वास रोखून धरणारा कुंभक नकोच.

नामस्मरणाची सवय असलेल्यांनी ती मोडू नये. जपमाळेत १०८ मणी असतात, आणि हात सवयीने इतका सराईत होतो की तोंडात नाम आणि डोक्यात भाजीचा भाव सुखाने चालतात. त्यावर उपाय म्हणजे माळ पाव करा. सत्तावीसच मणी, पण प्रत्येक मणी बोटाला गोल लागेपर्यंत पुढे सरकायचं नाही.

हाताचं काम: डाळिंब्या सोला

श्वास सगळ्यांना मानवत नाही. हाताला काम दिलं की लक्ष आपसूक बसतं, आणि त्यासाठी कडव्या वालांसारखी गोष्ट नाही. पूर्वी हे काम घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे असायचं. आता डाळिंब्या, म्हणजे मोड आणून सोललेले वाल, पाकिटात मिळतात. सोय झाली, पण त्यांच्या हातचं एक चांगलं काम गेलं.

पाव किलो वाल निवडून रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला, दहा-बारा तास. सकाळी उपसून ओल्या पंचात घट्ट बांधा आणि झाकून ठेवा. उन्हाळ्यात दिवसभरात मोड येतात, थंडीत दीड दिवस लागू शकतो. मोड अर्ध्या बोटाएवढे आले की पुरे. पंचा सुकला तर मोड येत नाहीत, आणि फार ओला राहिला तर वाल बुळबुळीत होऊन वास मारतात. दर सात-आठ तासांनी नुसता हात लावून पाहा.

सोलायच्या आधी वाल कोमट पाण्यात दहा मिनिटं घाला. कढत नको, शिजून फुटतात. मोडाच्या बाजूला अंगठा आणि तर्जनीने हलकेच चिमटा घ्या. साल सुरकुतते, फाटते आणि डाळिंबी सुळ्ळकन बाहेर उडी मारते. सालं एका ताटलीत, डाळिंब्या पातेल्यात. पाणी गार झालं की सालं पुन्हा चिकटून बसतात, तेव्हा थोडं कोमट पाणी घाला. पाव किलोला पाऊण तास सहज जातो. अट एकच: टीव्ही बंद, फोन आत. बोटांनी दाब किती द्यायचा हे प्रत्येक दाण्याला वेगळं असतं. जोरात दाबलं की दोन फाका वेगळ्या होतात, आणि त्या वेगळ्या झाल्या म्हणजे मन कुठे तरी गेलं होतं हे लगेच कळतं. अंगठ्याचा सांधा दुखत असेल तर अर्धेच सोला, उरलेले दुसऱ्या कोणाला तरी शेजारी बसवून.

वाल नकोत त्यांनी मेथीची जुडी निवडावी, कुंड्यांची माती सैल करावी, पितळेचे दिवे घासावेत. निकष इतकाच की काम हाताचं हवं, अर्ध्या तासाच्या वर आणि तासाच्या आत संपणारं हवं, आणि संपल्यावर काही तरी डोळ्यांना दिसायला हवं.

रात्रीचे तीन

उतारवयात गाढ झोपेचा भाग कमी होतो आणि झोपेचं घड्याळ पुढे सरकतं. संध्याकाळी लवकर पेंग येते, पहाटे लवकर जाग येते. आधी साधा हिशेब करा. नऊला झोपलेला माणूस साडेतीनला जागा झाला तर साडेसहा तास झालेले असतात. त्याला निद्रानाश म्हणत नाहीत. दहा-साडेदहापर्यंत जागे राहा. दुपारची झोप अर्धा तास, तीनच्या आत. चारनंतर चहा नको.

जाग आली तर घड्याळ पाहू नका. वीसेक मिनिटांत झोप येत नाही असं वाटलं तर पलंग सोडा, मंद दिव्यात खुर्चीवर बसा आणि जे घोळतंय ते वहीत एका ओळीत लिहा. पेंग आली की परत. गादीवर तळमळत राहिलं की शरीर गादी आणि तळमळ यांची जोडी शिकतं. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मुळीच नकोत. या वयात त्या पडझडीला निमंत्रण देतात. लघवीला वारंवार उठावं लागत असेल तर साखर, प्रोस्टेट आणि लघवीच्या गोळीची वेळ या तिन्हींबद्दल डॉक्टरांना विचारा.

‘मा’ आणि ‘सो’

माणसांच्या नोंदींना पाचव्या-सहाव्या आठवड्यात हात घाला. जुन्या भांडणात कोण बरोबर होतं हे ठरवायला फोन करू नका, ते आता ठरणार नाही. तब्येतीची चौकशी, एक जुनी आठवण आणि ‘पुन्हा करतो फोन’, इतकंच. पाच मिनिटं. समोरून थंड उत्तर आलं तरी तुमच्या बाजूचं काम झालं. नोंदीवर काट मारा.

मुलं परदेशी असतील तर ‘वेळ मिळेल तेव्हा कर’ म्हणू नका. त्याने सगळा आठवडा फोनच्या वाटेकडे डोळे लागतात. वार आणि वेळ ठरवून घ्या. न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास असतं, कारण तिथे वर्षातून दोनदा घड्याळ बदलतात. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये फोन तासभर चुकला तर मुलावर रुसण्याआधी हे आठवा.

‘सो’च्या नोंदी, म्हणजे गेलेलं माणूस, हुकलेली नोकरी, परत न येणारी तब्येत, या पुसल्या जात नाहीत. त्यांना आठवड्यातला एक अर्धा तास द्या, ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी, हवं तर फोटो काढून. इतर वेळी आठवण आली की ‘गुरुवारी’ म्हणा. दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत ठसठशीत राहतात, हे सगळ्यांचंच असतं; तेव्हाचं जग खरोखर इतकं उजळ होतं असा निष्कर्ष त्यातून काढायची गरज नाही.

हे वयामुळे नाही, असं केव्हा समजायचं

दोन आठवड्यांहून जास्त काळ भूक गेली, कशातच रस उरला नाही, अंग सतत दुखतं पण तपासणीत काही निघत नाही, तर ते नैराश्य असू शकतं. या वयात ते पुष्कळदा रडण्याऐवजी दुखण्याच्या रूपात येतं. विसरभोळेपणा वाढला तर आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासा, दोन्हींवर साधे उपचार आहेत. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ आणि ज्येष्ठांच्या कोणत्याही अडचणीसाठी एल्डरलाइनचा १४५६७ हे क्रमांक मोफत आहेत. फोनमध्ये आधीच साठवून ठेवा.

घरची बैठक पंधरा मिनिटांवर स्थिरावली की काहींना पुढे जावंसं वाटतं. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून दहा दिवसांची विपश्यना शिबिरं होतात. शुल्क नसतं, पहाटे चारला घंटा होते, फोन जमा करावा लागतो, आणि पहिले तीन दिवस नुसता श्वासच पाहायचा असतो. रोज दहा तासांच्या आसपास बसावं लागतं, त्यामुळे घरी अर्धा तासही न बसलेल्याने थेट जाऊ नये. मनाच्या आजारावर औषधं चालू असतील तर ते अर्जात लपवू नका आणि आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका. गुडघ्यांसाठी खुर्ची लागणार असेल तर तीही अर्ज भरतानाच लिहून मागा.